बाळासाठी कापडी डायपर निवडावेत का? धुणे, त्वचा आणि रात्रीची झोप यांविषयी काही प्रश्न

निळी शाई

नमस्कार. पुढच्या महिन्यात आमच्याकडे पहिले बाळ येणार आहे. त्याच्यासाठी कापडी डायपर वापरावेत की एकदा वापरून टाकायचे, हे आम्हांला आधीच ठरवायचे आहे, कारण बाळ आल्यावर इतक्या शांतपणे विचार करायला सवड मिळेल असे वाटत नाही. माझा कल कापडीकडे आहे. दोन-अडीच वर्षे रोज पाच-सहा डायपर कचऱ्यात टाकत राहायचे, ही कल्पनाच मला नकोशी वाटते. नवऱ्याचा विरोध नाही, मात्र त्याचा प्रश्न सरळ आहे: रोजचे धुणे कोण करणार आणि कधी करणार? घरात आम्ही दोघेच आहोत आणि काही महिन्यांनी मी नोकरीवर परत जाणार आहे.

वाचायला बसले की दोन टोकांची मते सापडतात. कापडी डायपर वापरले तर पुरळ येतच नाही असे काही जण सांगतात, तर ओले कापड अंगाला लागून राहते म्हणूनच पुरळ येते असे इतर काही जण म्हणतात. पर्यावरणाच्या बाबतीतही तेच. कोणी म्हणते कापडाला पर्याय नाही, कोणी म्हणते धुण्याचे पाणी आणि वीज हिशेबात धरली तर फरकच उरत नाही. शिवाय पॉकेट, प्रीफोल्ड, ऑल-इन-वन ही नावे वाचून गोंधळात भर पडते. ज्यांनी स्वतः वापरले आहेत, किंवा कामानिमित्त ज्यांचा या विषयाशी संबंध येतो, त्यांनी कृपया सांगावे: सुरुवातीला कोणत्या प्रकारचे आणि किती घ्यावेत, त्वचेच्या दृष्टीने खरे काय आहे, पर्यावरणाचा लाभ खरोखर होतो का, आणि रात्री बाळाची झोप न मोडता हे जमते का?

दोघांची आई

निळी शाई, मनापासून अभिनंदन. माझ्या दोन्ही मुलांना मी मुख्यतः कापडी डायपर वापरले, म्हणून प्रकार आणि संख्या यांविषयी लिहिते. त्वचेविषयी इथल्या जाणकारांनी लिहिलेले बरे.

नावे कितीही असली तरी प्रत्येक कापडी डायपरला दोनच कामे करायची असतात, ओल शोषून घेणे आणि ती बाहेर झिरपू न देणे. दुसरे काम करणारा थर बहुधा पॉलिएस्टरच्या कापडावर पॉलियुरेथेनचा पातळ पापुद्रा चिकटवून केलेला असतो आणि त्याला सगळे पीयूएल म्हणतात. हे दोन थर एकमेकांना कसे जोडले आहेत, यावरून प्रकार पडतात. सपाट कापड म्हणजे आपला घडी घालून बांधायचा साधा लंगोट, तो सर्वांत लवकर वाळतो. प्रीफोल्ड म्हणजे मधोमध जास्त थर शिवलेला आयताकृती तुकडा. या दोन्हींवर वेगळे कव्हर चढवावे लागते. पॉकेट डायपरमध्ये बाहेरचा पीयूएल आणि आतला कोरडा वाटणारा थर यांच्यात खिसा असतो आणि त्यात शोषणारा पट्टा, म्हणजे इन्सर्ट, सरकवायचा असतो. ऑल-इन-वनमध्ये सगळे एकत्र शिवलेले असते. ते घालायला सर्वांत सोपे आणि वाळायला सर्वांत उशीर लावणारे.

माझे स्पष्ट मत असे आहे की पहिल्या दीड-दोन महिन्यांसाठी प्रीफोल्ड किंवा सपाट कापड आणि छोटी कव्हर यांना तोड नाही. 'वन साइज' म्हणून मिळणारे डायपर टिच बटणांनी लहान-मोठे करता येतात खरे, पण नवजात बाळाच्या मांड्या इतक्या बारीक असतात की सर्वांत लहान मापावरही मांडीशी फट राहते आणि तिथूनच गळते. नाळ पडेपर्यंत डायपरची पुढची कड बेंबीच्या खाली दुमडून ठेवावी लागते, तेही सपाट कापडात सहज होते. बाळाने थोडे अंग धरले की पॉकेट डायपर सुरू करावेत, कारण ते घालण्याची रीत टाकाऊ डायपरसारखीच असते आणि घरातल्या कोणालाही दोन मिनिटांत शिकवता येते.

इन्सर्ट कशाचे आहे याकडे मात्र नीट लक्ष द्यावे, कारण डायपर गळतो ही तक्रार बहुतेक वेळा इथून सुरू होते. मायक्रोफायबर ओल झटकन ओढून घेते, पण दाब पडला की तितक्याच सहज सोडून देते. खात्री करून घ्यायची असेल तर भिजलेले मायक्रोफायबरचे इन्सर्ट ताटलीत ठेवून तळहाताने दाबून पाहा, बोटांच्या बाजूने पाणी बाहेर येताना दिसेल. बाळ मांडीवर बसले किंवा पट्ट्याच्या झोळीत असले की नेमके हेच होते. मायक्रोफायबर थेट त्वचेला लागू देऊ नये, कारण ते त्वचेतला ओलावाही ओढून घेते आणि त्वचा खरखरीत होते. सुती इन्सर्ट भरवशाचे असते. बांबूपासून केलेले व्हिस्कोस सुतापेक्षा थोडे जास्त धरून ठेवते आणि हेम्प, म्हणजे तागासारख्या धाग्याचे कापड, सर्वांत जास्त, मात्र ते हळू शोषते आणि वाळायलाही वेळ घेते. नवे सुती किंवा हेम्पचे इन्सर्ट चार-पाच वेळा धुतल्याशिवाय त्याची पूर्ण क्षमता मिळत नाही, कारण धाग्यांतला मूळचा तेलकट अंश निघून जावा लागतो. तेव्हा बाळ येण्यापूर्वीच ते धुण्यात टाकत राहा.

डायपर बसला आहे की नाही हे मांडीशी कळते. इलॅस्टिक जांघेच्या घडीत, म्हणजे चड्डीची शिवण जिथे येते तिथे, बसले पाहिजे, मांडीच्या मध्यावर नाही. कमरेशी दोन बोटे आरामात सरकावीत. इलॅस्टिकचा फिकट वण उठला तर चालतो, पण लाल रेघ तासाभरानेही दिसत असेल तर बटण एक घर सैल करावे. आतले कापड कुठूनही बाहेर डोकावत असेल तर तिथून ओल कपड्यांना लागणारच, म्हणून घातल्यावर दोन्ही मांड्यांभोवती एकदा बोट फिरवून घ्यावे.

संख्येचे म्हणाल, तर नवजात बाळाला दिवसाला दहा-बारा लागतात आणि पुढे ही संख्या सहा-आठवर येते. एक दिवसाआड धुणार असाल तर सुरुवातीला वीस ते चोवीस शोषणारे तुकडे आणि पाच-सहा कव्हर पुरतात, कारण शी लागली नसेल तर कव्हर पुसून, हवेशीर ठेवून पुन्हा वापरता येते. एकाच प्रकारचे दोन डझन मात्र एकदम घेऊ नका. प्रत्येक बाळाची अंगकाठी वेगळी असते आणि एकाला नेमका बसणारा डायपर दुसऱ्याच्या मांडीशी गळत राहतो.

रानपाखरू

वरच्या प्रतिसादाशी सहमत आहे, एवढेच जोडतो की हा निर्णय सगळे किंवा काहीच नाही असा घेऊ नये. पहिले काही आठवडे बाळंतिणीच्या विश्रांतीचे असतात आणि त्या काळात टाकाऊ डायपर वापरले म्हणून काही बिघडत नाही. आम्ही दिवसा घरी कापडी आणि प्रवासात टाकाऊ अशी विभागणी केली आणि ती शेवटपर्यंत टिकली. दिवसाला तीन कापडी वापरले, तर कचऱ्यात जाणारे तीन वाचतात, बाकीच्यांचा अपराधीपणा कोणत्याही आईवडिलांनी बाळगू नये.

चौकस

पर्यावरणाच्या प्रश्नावर मी लिहितो, कारण या विषयावर अभ्यास झालेले आहेत आणि त्यांतले निम्मेच वाक्य उचलून दोन्ही बाजू भांडतात.

प्रथम टाकाऊ डायपर कशाचा असतो ते पाहू. त्वचेला लागणारा वरचा थर पॉलिप्रॉपिलीनचा असतो, मध्ये लाकडाचा कापसासारखा लगदा आणि सोडियम पॉलिअ‍ॅक्रिलेट नावाच्या अतिशोषक पॉलिमरचे कण असतात आणि बाहेर पॉलिएथिलीनचा पातळ पडदा असतो. हे पॉलिमर शुद्ध पाणी आपल्या वजनाच्या काहीशे पट धरू शकते, लघवीतल्या क्षारांमुळे ही क्षमता बरीच उतरते, तरीही ती काही दशपटींत राहते, आणि धरलेली ओल जेलीसारखी घट्ट होऊन दाबाखालीही सुटत नाही. ते उपयोगी आहे यात शंका नाही. अडचण अशी की हे सगळे थर एकमेकांना चिकटलेले आणि मैल्याने भरलेले असल्यामुळे त्यांचा पुनर्वापर अवघड होतो. दिवसाला सरासरी पाच धरले, तरी अडीच वर्षांत एका बाळामागे साडेचार हजारांहून अधिक डायपर होतात. टाकाऊ डायपर कुजायला पाचशे वर्षे लागतात, असे सर्वत्र छापलेले दिसते. ते खरे म्हणजे अनुमान आहे, कारण बाजारात मोठ्या प्रमाणावर आलेले टाकाऊ डायपर विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातले आहेत आणि इतकी वर्षे कोणी पाहिलेली नाहीत. मात्र त्यांतले प्लॅस्टिक आपल्या आणि आपल्या नातवंडांच्या हयातीत नाहीसे होणार नाही, एवढे निश्चित म्हणता येते.

आता हवामानाचा हिशेब. ब्रिटनच्या पर्यावरण यंत्रणेने 2008 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात एका बाळाच्या पहिल्या अडीच वर्षांचा हिशेब मांडला होता. टाकाऊ डायपरमुळे सुमारे 550 किलो कार्बन डायऑक्साइडइतके उत्सर्जन होते आणि कापडी डायपरमुळे सरासरी वापरात सुमारे 570 किलो, म्हणजे जवळजवळ बरोबरी. काही फरक नाही म्हणणारे इथेच थांबतात. पण त्याच अभ्यासात पुढे असे आहे की मशीन भरून धुतले, नेहमी बाहेर दोरीवर वाळवले आणि तेच डायपर दुसऱ्या बाळाला वापरले, तर कापडी डायपरचे उत्सर्जन सुमारे 40 टक्क्यांनी घटते. उलट प्रत्येक वेळी ड्रायरमध्ये वाळवले तर ते 43 टक्क्यांनी वाढते आणि 60 ऐवजी 90 अंशांवर धुतले तर 31 टक्क्यांनी. ब्रिटन सरकारनेच 2023 साली नव्या आकडेवारीने केलेल्या अभ्यासात कापडी डायपरचा तापमानवाढीतला वाटा टाकाऊच्या तुलनेत सुमारे 25 टक्क्यांनी कमी आढळला.

या सगळ्याचा अर्थ मला असा दिसतो: टाकाऊ डायपरचा बहुतेक भार तो कारखान्यातून बाहेर पडतानाच ठरून गेलेला असतो, आपण तो कसाही वापरला तरी त्यात फारसा फरक पडत नाही. कापडी डायपरचा भार मात्र बराचसा आपल्या हातात असतो. तो मशीनच्या तापमानावर, दोरीवर आणि एकेक डायपर किती वर्षे चालतो यावर ठरतो. म्हणूनच हौसेने नवनव्या छापांचे साठ-सत्तर डायपर जमवणे आणि नंतर ते कपाटात पडून राहणे, याला पर्यावरणप्रेम म्हणता येणार नाही. कापसाच्या शेतीला भरपूर पाणी लागते आणि पॉलिएस्टरचे कापड धुताना त्यातून सूक्ष्म तंतू सुटतात, हेही विसरू नये. वापरलेले डायपर घ्यायची तयारी असेल तर जरूर घ्या. पीयूएलचा थर उजेडासमोर धरून पाहावा, पापुद्रा सुटलेला किंवा बुडबुडे आलेले असतील तर तो गळणार. इलॅस्टिक ओढून सोडल्यावर चटकन जागेवर येते का तेही पाहावे, मात्र केवळ इलॅस्टिक सैल झाले असेल तर ते बदलून घेता येते.

'विघटनशील' असे लिहिलेल्या टाकाऊ डायपरविषयीही विचारणा होते, म्हणून सांगतो. त्यांतला काहीच भाग वनस्पतिजन्य असतो आणि कचराभूमीत दाबून पडलेल्या ढिगात हवा पोचत नसल्यामुळे त्याचेही विघटन अपेक्षेप्रमाणे होत नाही. त्या एका शब्दासाठी जास्त पैसे मोजू नयेत.

शुश्रूषा

मी नवजात बालकांच्या विभागात परिचारिका म्हणून काम करते. पुरळाविषयी दोन्ही बाजूंनी जे ठामपणे सांगितले जाते त्याला पुरेसा आधार नाही. टाकाऊ डायपरमुळे पुरळ टळते का, याचा आढावा वैद्यकीय संशोधनाचे पुरावे पडताळणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने 2006 साली घेतला होता आणि चांगल्या दर्जाच्या चाचण्यांतून तसे किंवा उलट म्हणण्याइतका पुरावा मिळत नाही, असाच त्याचा निष्कर्ष होता.

पुरळ कसे येते हे समजले की काय करायचे ते आपोआप कळते. निरोगी त्वचा किंचित आम्लधर्मी असते. ओल फार वेळ राहिली की त्वचा फुगून नाजूक होते आणि कापडाच्या घर्षणाने सोलवटते. त्यातच शू आणि शी एकत्र आली की शीमधले जिवाणू लघवीतल्या युरियापासून अमोनिया तयार करतात, त्यामुळे त्वचेची आम्लता घटते आणि शीमधली प्रथिने व चरबी तोडणारी विकरे जोमाने काम करू लागतात, म्हणजे ती त्वचेवरच हल्ला चढवतात. म्हणून सर्वांत महत्त्वाचा नियम असा की शी झाल्याबरोबर डायपर बदलावा, मग तो कोणत्याही प्रकारचा असो. नुसती शू असेल तर कापडी डायपर दर दोन ते तीन तासांनी बदलावा. टाकाऊ डायपर त्वचा अधिक वेळ कोरडी ठेवतो हे मान्य केले पाहिजे, पण तो कोरडा वाटतो म्हणूनच तासन्‌तास तसाच ठेवला जातो आणि आत शी राहून गेली तर तो लाभ वाया जातो.

पुसताना घासू नये. कोमट पाणी आणि मऊ सुती कापड पुरेसे असते, त्यानंतर त्वचा टिपून घ्यावी आणि काही मिनिटे उघडी ठेवावी. पावडर लावू नये, तिचे बारीक कण बाळाच्या श्वासात जातात. लाली दिसू लागली तर झिंक ऑक्साइडचे मलम जाडसर थराने लावावे, पण ही मलमे कापडाला चिकटून शोषणक्षमता घालवतात, म्हणून तेव्हा कापडावर एक पातळ लायनर किंवा जुन्या मऊ सुती कापडाचा तुकडा ठेवावा. लाली जांघेच्या घड्यांत खोलवर असेल, गडद असेल आणि तिच्या कडेने सुटे लाल ठिपके उठलेले असतील, तर तो बहुधा कँडिडा या बुरशीचा संसर्ग असतो आणि त्याला वेगळे औषध लागते. दोन-तीन दिवसांत उतार पडला नाही, फोड आले किंवा बाळाला ताप आला, तर डॉक्टरांना दाखवावे.

कापडाच्या जाडीमुळे पाय फेंगडे होतात, ही भीती अनेक आज्या आम्हांला बोलून दाखवतात. त्यात तथ्य नाही. पाय दुमडलेले आणि थोडे फाकलेले असणे ही नवजात बाळाची स्वाभाविक स्थिती आहे आणि खुब्याच्या सांध्याला ती मानवते. दोन्ही पाय सरळ ताणून घट्ट गुंडाळणे मात्र खुब्याला अपायकारक ठरू शकते. मग वर घातलेला डायपर कोणताही असो.

निळी शाई

सर्वांचे मनापासून आभार. 'दोघांची आई' यांचा प्रतिसाद आम्ही दोघांनी एकत्र बसून वाचला आणि सुरुवातीला प्रीफोल्ड व कव्हर घ्यायचे ठरवले आहे. आता उरला तो धुण्याचा मुद्दा, आणि खरे सांगायचे तर माझी सर्वांत मोठी धास्ती तीच आहे. आमच्याकडे मशीन आहे, पाणी मात्र जड आहे, बादलीवर पांढरा थर धरतो. काही महिन्यांनी कापडी डायपरला उग्र वास येऊ लागतो असेही वाचले. ते टाळता येते का?

धोबीघाट

आमच्या घरी डायपरचे धुणे पहिल्या दिवसापासून माझ्याकडे आहे, त्यामुळे आपल्या पतीच्या प्रश्नाला मी उत्तर देतो. ठरलेल्या क्रमाने केले तर हाताला लागणारा वेळ थोडाच असतो, बाकीचे काम मशीन करते. दुधावरच्या बाळाची आई थकलेली असते आणि दूध पाजण्याचे काम दुसरे कोणी करू शकत नाही, म्हणून धुणे वडिलांनी घ्यावे, असे मला अगदी मनापासून वाटते.

क्रम असा. बदललेला डायपर झाकणबंद डब्यात कोंडू नये, हवा खेळेल अशा टोपलीत किंवा सैल तोंडाच्या जाळीदार पिशवीत टाकावा, कारण कोंडलेल्या ओलीतच वास धरतो. बादलीत भिजत ठेवण्याची पद्धत सोडून द्यावी. त्याने इलॅस्टिक आणि पीयूएल खराब होतात, शिवाय रांगते मूल घरात असताना पाण्याने भरलेली बादली जिवावर बेतू शकते. बाळ केवळ आईच्या दुधावर असेपर्यंत शी पाण्यात सहज विरघळते, त्यामुळे डायपर तसाच मशीनमध्ये टाकला तरी चालतो. वरचे अन्न सुरू झाल्यावर घट्ट शी आधी शौचकुपात टाकावी लागते. इथे लायनर फार उपयोगी पडतो, शी त्याच्यासकट उचलता येते. लायनर स्वतः मात्र शौचकुपात सोडू नये, पाकिटावर काहीही लिहिलेले असले तरी नळी तुंबते. टाकाऊ डायपर वापरणाऱ्यांनीही शी शौचकुपातच टाकायची असते, ती कचऱ्यात जाऊ देणे आरोग्याला घातक आहे, हे सहसा कोणी सांगत नाही.

दोन दिवसांपेक्षा, फार तर तीन दिवसांपेक्षा जास्त साठवू नये. पॉकेट डायपर असेल तर इन्सर्ट आधी बाहेर काढावे. पहिली धुलाई थोड्या डिटर्जंटमध्ये, छोटी. तिचे काम शू काढून टाकणे एवढेच आहे आणि ते घाण पाणी पूर्ण निघून गेले पाहिजे. मग लांब, पूर्ण धुलाई, तीही गरम पाण्यात आणि डिटर्जंटची पूर्ण मात्रा घालून. शी लागलेल्या कपड्यांना 60 अंश तापमान योग्य. त्याहून जास्त गरम पाण्याने पीयूएलचा पापुद्रा सुटू लागतो, म्हणून कव्हर कधीही उकळू नये. मशीन सुमारे दोन-तृतीयांश ते तीन-चतुर्थांश भरलेले असावे. फार रिकामे असेल तर कपडे एकमेकांवर घासले जात नाहीत, फार भरले तर पाणी आतपर्यंत पोचत नाही. डायपर कमी असतील तर बाळाचीच दुपटी आणि छोटे टॉवेल त्यात घालावेत.

फॅब्रिक सॉफ्टनर अजिबात वापरू नये. तो धाग्यांवर मेणचट थर चढवतो आणि पाणी आत शिरेनासे होते. साबणाच्या वडीचेही तसेच, आणि आपले पाणी जड आहे म्हणून विशेष. पाण्यातले कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार साबणाशी संयोग पावून जी न विरघळणारी साय तयार करतात, ती कापडात अडकून बसते. जड पाण्यात डिटर्जंट नेहमीपेक्षा थोडे जास्त लागते, किंवा पाणी मृदू करणारी पावडर त्यासोबत घालावी लागते. डायपरला डिटर्जंट अगदी चिमूटभरच वापरावे असा सल्ला सर्रास दिला जातो आणि उग्र वासाची तक्रार बहुतेक वेळा त्यातूनच निर्माण होते. शू पूर्ण निघत नाही, तिचा अंश धाग्यांत साठत जातो आणि पुढच्या वेळी ओल लागली की अमोनियाचा भपका येतो. धुतल्या धुतल्या डायपर नाकाजवळ धरावा, त्याला कसलाही वास येता कामा नये. शूचा वास आला तर डिटर्जंट कमी पडते आहे. कापडावर थर बसला आहे का हे पाहायचे असेल तर वाळलेल्या इन्सर्टवर चमचाभर पाणी ओतावे. ते थेंब होऊन वर तरंगत राहिले तर मलमाचा किंवा सॉफ्टनरचा थर आहे, गरम पाण्यात डिटर्जंटची पूर्ण मात्रा घालून दोन वेळा धुवून मग साध्या पाण्यात खळखळून काढावे. ब्लीच इलॅस्टिकला आणि पीयूएलला मारक असते, ते टाळलेले बरे.

वाळवताना इन्सर्ट कडक उन्हात आणि कव्हर सावलीत घालावीत. उन्हाने डागही फिके होतात, ओल्यापणीच उन्हात टाकलेल्या सुती कापडावरचा पिवळा डाग पाहता पाहता उडतो. ऑल-इन-वन एका टोकाला चिमट्याने लटकवू नये, ओल्या वजनाने इलॅस्टिक ताणले जाते, दांडीवर मधोमध टाकावा. उन्हात वाळलेले सुती कापड खडबडीत होते, ते दोन्ही हातांत चुरगाळून झटकले की मऊ पडते. सलग दमट हवा असेल तेव्हा मात्र जाड इन्सर्ट दीड-दोन दिवसही वाळत नाही आणि कापडी डायपर सोडून देण्याचा विचार बहुतेकांच्या मनात त्या दिवसांतच येतो. म्हणून निदान निम्मे तुकडे सपाट, एकेरी कापडाचे ठेवावेत. ते घडी घालून वापरायचे आणि उलगडून वाळत घालायचे, पंख्याखाली रात्रीतून वाळतात.

दोघांची आई

रात्रीचा प्रश्न राहून गेला, म्हणून थोडक्यात. सुरुवातीला बाळ रात्री दूध प्यायला उठतेच, तेव्हा डायपरही बदलता येतो. बाळ सलग झोपू लागले की दिवसाचा डायपर पुरत नाही. तेव्हा सुती इन्सर्ट वर आणि हेम्पचे खाली अशी जोडी ठेवावी, म्हणजे वरचे झटपट ओढते आणि खालचे धरून ठेवते. त्वचेकडे मायक्रोफ्लीसचा पातळ थर असला की अंगाला ओल जाणवत नाही. लोकरीचे कव्हर मिळाले तर तेही उत्तम, कारण लोकर आपल्या वजनाच्या सुमारे 30 टक्के ओल ओलसर न वाटता सामावून घेते आणि हवा खेळती राहते, मात्र तिला अधूनमधून लॅनोलिन, म्हणजे लोकरीतलेच नैसर्गिक मेण, द्यावे लागते. एवढे करूनही पहाटे कपडे भिजत असतील किंवा त्वचा लाल होऊ लागली असेल, तर रात्रीपुरता एक टाकाऊ डायपर घालावा आणि सगळ्यांनी झोपावे.

पाळणाघराविषयी आपण विचारले नाही, पण नोकरीवर परतताना तो विषय निघेल. तिथे देताना पॉकेट डायपर इन्सर्ट भरून, घडी घालून, थेट घालता येतील असे द्यावेत आणि सोबत ओले परत पाठवायला चेनची जलरोधक पिशवी द्यावी. पहिल्या दिवशी मांडीची कड आत कशी सारायची ते तिथल्या ताईंना प्रत्यक्ष दाखवून यावे, तोंडी सांगितलेले लक्षात राहत नाही. त्यांनी नकार दिला तर दिवसाचे तेवढे तास टाकाऊ वापरावेत आणि घरी आल्यावर कापडी.

निळी शाई

धोबीघाट, आपला प्रतिसाद नवऱ्याने स्वतः वाचला आणि धुण्याचे काम आपण घेतो असे त्यानेच सांगितले. वीस प्रीफोल्ड, पाच कव्हर आणि चार पॉकेट डायपर एवढ्यावर सुरुवात करतो आहोत. नाळ पडेपर्यंत आणि रात्री टाकाऊ वापरू. प्रीफोल्ड आजपासूनच धुण्यात टाकले आहेत. एकच शंका उरली आहे: जड पाण्यासाठी जी पावडर आपण सुचवलीत, ती दोन्ही धुलायांत घालायची की फक्त दुसऱ्या?

धोबीघाट

दोन्हींत घालावी, पण पहिल्या धुलाईत निम्मी मात्रा पुरते. शेवटच्या खळखळण्याचे पाणी एकदा वाटीत घेऊन बघा. ते गढूळ किंवा फेसाळ दिसले तर आणखी एकदा साध्या पाण्यातून काढा.